अमली पदार्थांची बातमी लिहिताना

पोलिसांचे प्रसिद्धिपत्रक हाती आले की आधी मुद्देमालाचे वजन पाहावे, किंमत नंतर. कोटींचा आकडा मथळ्यात भारदस्त दिसतो, परंतु तो बहुधा तपास यंत्रणेनेच बाजारभाव धरून काढलेला अंदाज असतो. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्यात मात्र शिक्षा आणि जामीन बऱ्याच अंशी वजनावर ठरतात. मेफेड्रोन, म्हणजे ‘एमडी’, २ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास प्रमाण अल्प आणि ५० ग्रॅमपेक्षा जास्त असल्यास व्यावसायिक मानले जाते. गांजासाठी हेच आकडे १ किलो व २० किलो आहेत. वजन न देता नुसती किंमत छापली, तर पकडलेला माणूस पुडी घेणारा की कारखाना चालवणारा, हे वाचकाला कळत नाही.

त्यानंतर कलमे विचारावीत. कलम २७ सेवनाचे आहे. तेवढेच लावले असेल, तर ‘रॅकेट उद्ध्वस्त’ हा मथळा खोटा ठरतो. ‘नशेखोरांची पार्टी उधळली’ असे लिहिण्याऐवजी ‘पार्टीतून चौघे ताब्यात, सेवनाचा संशय, रक्ततपासणीचा अहवाल बाकी’ असे लिहावे. मथळा लांबतो, पण खरा राहतो. ‘गर्दुल्ला’ हा शब्द तर बातमीतून हद्दपारच करावा.

कलम ६४अ बातम्यांत क्वचितच दिसते. केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. मात्र उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते. ही माहिती आणि १४४४६ हा व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक चौकटीत द्यावा, कारण ती बातमी एखाद्या घाबरलेल्या आईच्याही हाती पडते. उपचार घेणाऱ्याचे छायाचित्र मात्र चेहरा धूसर करूनही छापू नये. गल्लीतली माणसे शर्टावरूनही ओळखतात.

अटक म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे ठाऊक असूनही विसरले जाते. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईच्या क्रूझ प्रकरणात आर्यन खानला अटक झाली, तेव्हा वाहिन्यांनी दिवसचे दिवस तोच विषय चालवला. मे २०२२ च्या आरोपपत्रात पुरेशा पुराव्याअभावी त्याचे नावच नव्हते. म्हणून अटकेच्या दिवशीच गुन्हा क्रमांक नोंदवून ठेवावा, न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल आणि आरोपपत्र यांचा पाठपुरावा करावा आणि नाव वगळले गेल्यास ती बातमी अटकेची बातमी आली होती त्याच पानावर घ्यावी.