विंक्सच्या रेस नेमक्या कशा बघायच्या

ऑस्ट्रेलियाची रेसची घोडी विंक्स सलग 33 रेस जिंकली एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं, मग लोक यूट्यूबवर कुठलीतरी एक रेस लावतात, शेवटचे दहा सेकंद बघतात, "भारी आहे" म्हणतात आणि पुढे जातात. असं बघून काही कळत नाही हो.

आधी रेकॉर्ड बघा. 43 रेस, 37 जिंकल्या, त्यातल्या 25 ग्रुप वन, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाच्या. आता साधी वजाबाकी करा, सलग 33 च्या आधीच्या 10 रेसमध्ये फक्त 4 विन. म्हणजे पोरगी पहिल्यापासून सुपरस्टार वगैरे नव्हती, फर्स्ट सील नावाच्या फिलीने (म्हणजे तरुण घोडीने) तिला फ्लाइट स्टेक्समध्ये हरवलं होतं. म्हणून सुरुवात हरलेल्या रेसपासून करा, एप्रिल 2015 ची ऑस्ट्रेलियन ओक्स, त्यात गस्ट ऑफ विंड नावाची घोडी पुढे गेली आणि ही दुसरी आली. लगेच त्यानंतर मे महिन्यातली सनशाइन कोस्ट गिनीज लावा, टर्नला, म्हणजे शेवटच्या वळणावर, ही इतकी मागे आहे की आपल्याला वाटतं आज काही खरं नाही, आणि स्ट्रेटमध्ये, म्हणजे वळणानंतरच्या शेवटच्या सरळ पट्ट्यात, सगळ्यांना बाहेरून गिळून टाकते. 33 ची मालिका इथून सुरू झाली, पुढे चार वर्षं कुणी हरवलंच नाही.

आता नजर कुठे ठेवायची ते सांगतो. लीडरकडे बघू नका, गेट उघडलं की हिचा नंबर पकडा आणि शेवटचे 600 मीटर राहिले की फक्त पाय बघा. व्हिडिओ अर्ध्या स्पीडला टाका, स्क्रीनवरचे दहा सेकंद म्हणजे रेसमधले पाच, तेवढ्यात हिच्या ढांगा मोजा आणि मग शेजारच्या घोड्याच्या मोजा. हिच्या साधारण 14 भरतात, बाकीच्यांच्या 12 च्या आसपास. ढांग खूप लांब टाकते म्हणून जिंकते असं नाही, बाकीचे दमले तरी हिचे पाय तितक्याच पटापट पडत राहतात, खरी गंमत ती आहे आणि नॉर्मल स्पीडला ती दिसतच नाही.

ट्रॅकचं पण लक्षात ठेवा. सिडनीचं रँडविक रेसकोर्स आपल्या महालक्ष्मीसारखं घड्याळाच्या दिशेने, त्यामुळे मुंबईच्या रेसवाल्यांना सोपं जातं. कॉक्स प्लेट ही मोठी रेस मात्र विंक्सच्या काळात मेलबर्नला मूनी व्हॅलीला व्हायची, तिथे उलट दिशा आणि स्ट्रेट तेव्हा जेमतेम 173 मीटर, म्हणजे मागून येणाऱ्या घोडीसाठी डोकेदुखीच. म्हणून जॉकी ह्यू बोमन तिथे टर्नच्या आधीच तिला जोरात पळायला सोडतो, तो क्षण पकडा. कॉक्स प्लेट ती 2015 ते 2018 अशी लागोपाठ चार वेळा जिंकली. 2016 ची 8 लेंग्थच्या (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) फरकाने जिंकलेली सगळेच शेअर करतात, बघा, पण माझ्या मते 2017 ची जास्त मोठी. ह्युमिडॉर नावाचा घोडा शेवटी अगदी अंगावर येतो, फरक अर्ध्या लेंग्थचा, आणि टायमिंग 2 मिनिटं 2.94 सेकंद म्हणजे स्वतःचाच रेकॉर्ड मोडला, आणि लोक म्हणत होते घोडी उतरली!

त्याच वर्षीची ऑगस्टमधली वॉरिक स्टेक्स चुकवू नका. गेटमधून निघतानाच ही मागे राहिली, कित्येक लेंग्थ गेल्या, आणि रेस फक्त 1400 मीटरची. पुढे फॉक्सप्ले नावाची घोडी, ती पण विंक्सचा ट्रेनर ख्रिस वॉलर याचीच, म्हणजे त्या माणसाची काय अवस्था झाली असेल विचार करा. विंक्सने तिला शेवटच्या खांबापाशी कशीबशी गाठली.

घोडीला पाठीवर कमी वजन मिळतं म्हणून जिंकली असा कुणी वाद घालेल तर, हो, वेट फॉर एजमध्ये, म्हणजे वय आणि नर-मादीप्रमाणे वजन ठरणाऱ्या रेसमध्ये, घोडीला नरांपेक्षा 2 किलो कमी असतात. पण ती सूट प्रत्येक घोडीला मिळते, 33 सलग कितीजणी जिंकल्या?

शेवटी एप्रिल 2019 ची क्वीन एलिझाबेथ स्टेक्स, रँडविकला, निरोपाची रेस, त्यात टेक्निकल काही शोधू नका, पब्लिकचा आवाज ऐका. आणि वेळ असला तर 2024 च्या ईस्टर सेलचा, म्हणजे घोड्यांच्या लिलावाचा, व्हिडिओ पण बघा, पिएरो नावाच्या घोड्यापासून झालेली तिची फिली 1 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरला गेली, घेणारी कोण तर विंक्सच्याच मालकांपैकी एक. विंक्सला स्वतःला 2013 मध्ये 2 लाख 30 हजार ऑस्ट्रेलियन डॉलरांत घेतलं होतं.