बॅकअप रिस्टोअर केल्यानंतर संगणक सुरू होत नसेल तर

बॅकअप रिस्टोअर पूर्ण झाल्याचा संदेश येतो, आपण संगणक पुन्हा सुरू करतो आणि विंडोजऐवजी काळ्या पडद्यावर डिस्क सापडत नसल्याची एखादी ओळ उमटते. अशा वेळी डिस्क फॉरमॅट करू नये आणि तोच बॅकअप घाईने दुसऱ्यांदा रिस्टोअरही करू नये. फायली बहुधा आपापल्या जागी सुखरूप असतात. तुटलेली असते ती फर्मवेअरपासून विंडोजपर्यंतची वाट, आणि ती नेमकी कुठे तुटली हे शोधले की दुरुस्ती फारशी अवघड राहत नाही.

ही वाट अशी आहे. संगणक चालू होताच यूईएफआय फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरच साठवलेली प्रारंभिक प्रणाली, आपल्याजवळची बूट-नोंद (विंडोज सुरू करण्याची माहिती) वाचते, त्या नोंदीनुसार डिस्कवरचे ईएफआय पार्टिशन (बूट फायलींसाठी राखलेला डिस्कचा भाग) शोधते आणि तिथला बूट मॅनेजर चालवते. बूट मॅनेजर मग बीसीडी नावाच्या नोंदसंचात पाहून विंडोज कोणत्या पार्टिशनवर आहे हे ठरवतो. ईएफआय पार्टिशन फॅट३२ स्वरूपाचे, बहुधा १०० एमबी किंवा त्याहून थोडे मोठे असते आणि त्याला ड्राइव्हचे अक्षर दिलेले नसते. त्यामुळे ते फाइल एक्सप्लोररमध्ये दिसत नाही आणि केवळ सी ड्राइव्हचा बॅकअप घेणाऱ्याकडून ते हमखास सुटते. शिवाय बीसीडीमध्ये विंडोजचे पार्टिशन ‘सी’ या अक्षराने नव्हे, तर डिस्कच्या व पार्टिशनच्या ओळखक्रमांकाने नोंदलेले असते. नव्या डिस्कवर हे क्रमांक बदलले की जुनी नोंद निरुपयोगी ठरते, आणि सी००००००ई किंवा सी००००२२५ अशी अक्षरे असलेला त्रुटिक्रमांक पडद्यावर येतो.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी जुनी डिस्क आणि बाहेरून जोडलेल्या सर्व डिस्क काढून ठेवाव्यात. क्लोन केलेल्या (जशाच्या तशा नकललेल्या) दोन डिस्कची ओळख सारखीच असली, तर आपण कोणत्या डिस्कवरून बूट करत आहोत आणि कोणती दुरुस्त करत आहोत हेच कळेनासे होते. त्यानंतर फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये नवी डिस्क दिसते का ते पाहावे. ती तिथेही दिसत नसेल, तर प्रश्न जोडणीचा किंवा डिस्कचा आहे आणि पुढील कोणत्याही कमांडचा उपयोग होणार नाही.

आता दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने किमान ८ जीबीचा विंडोज इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह तयार करावा आणि बूट मेनूतून, जिच्यापुढे यूईएफआय असे लिहिले आहे ती पेनड्राइव्हची नोंद निवडावी. इन्स्टॉलेशनच्या पहिल्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० ही बटणे एकत्र दाबली की कमांड प्रॉम्प्ट उघडतो. तिथे ‘डिस्कपार्ट’ चालवून ‘लिस्ट डिस्क’ ही कमांड द्यावी. जीपीटी या रकान्यात तारांकन असेल, तर डिस्क जीपीटी (पार्टिशनची नोंद ठेवण्याची नवी पद्धत) पद्धतीची आहे आणि तिच्यावरील विंडोज यूईएफआय पद्धतीनेच बूट होईल. तारांकन नसेल, तर डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असून तिला लेगसी, म्हणजे यूईएफआयपूर्वीची बूट पद्धत लागते. बॅकअप जुन्या एमबीआर संगणकाचा आणि नवा संगणक केवळ यूईएफआय जाणणारा, ही विसंगती वारंवार आढळते. विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीपासून मिळणाऱ्या ‘एमबीआर२जीपीटी’ या साधनाने अशी डिस्क माहिती न पुसता बदलता येते, मात्र त्यासाठी तिच्यावर तीनपेक्षा अधिक प्राथमिक पार्टिशन असू नयेत. आधी ‘व्हॅलिडेट’ हा पर्याय देऊन तपासणी करावी आणि ती पार पडली तरच ‘कन्व्हर्ट’ द्यावे.

डिस्क जीपीटी असेल, तर ‘लिस्ट व्हॉल्यूम’ देऊन फॅट३२ स्वरूपाचे लहान पार्टिशन शोधावे, ते ‘सिलेक्ट’ करून त्याला ‘असाइन’ने एस हे अक्षर द्यावे आणि विंडोजच्या पार्टिशनचे अक्षर नोंदवून ठेवावे. इथे सावध राहावे, कारण या वातावरणात अक्षरे वेगळी पडतात आणि नेहमीचा सी ड्राइव्ह डी किंवा ई म्हणून दिसू शकतो. डिस्कपार्टमधून बाहेर पडून ‘बीसीडीबूट’ ही कमांड लिहावी. तिच्यापुढे विंडोज फोल्डरचा पूर्ण पत्ता, मग ‘स्लॅश एस’ व एस हे अक्षर कोलनसह, आणि शेवटी ‘स्लॅश एफ’ व यूईएफआय हा शब्द असा क्रम ठेवावा. ही एक कमांड बूट फायली नव्याने लिहिते आणि बीसीडीही नव्याने बांधते. अनेक ठिकाणी ‘बूटरेक’ या दुरुस्ती-साधनातील ‘फिक्सबूट’ सुचवलेले असते. यूईएफआय संगणकांवर ते पुष्कळदा परवानगी नाकारल्याचा संदेश देऊन थांबते, म्हणून माझ्या मते प्रारंभच बीसीडीबूटने करावा. ईएफआय पार्टिशन मुळातच नसेल, तर विंडोजचे पार्टिशन ‘श्रिंक’ने सुमारे ३०० एमबीने लहान करून मोकळ्या जागेत २६० एमबीचे ईएफआय पार्टिशन तयार करावे, फॅट३२ मध्ये फॉरमॅट करावे आणि मग वरील कमांड द्यावी.

विंडोजची डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या कूटबद्धतेच्या सुविधेने, कुलूपबंद असेल, तर आधी ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी असायला हवी. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते.

विंडोजचे चिन्ह दिसून मग निळा पडदा आणि बूट उपकरण गाठता न आल्याचा संदेश येत असेल, तर दोष बीसीडीचा नसून डिस्क-कंट्रोलरच्या ड्रायव्हरचा असण्याची शक्यता अधिक. फर्मवेअरमध्ये साठवणुकीची पद्धत एएचसीआय (डिस्क थेट जोडण्याची) आहे की रेड (अनेक डिस्क एकत्र चालवण्याची) हे पाहावे आणि बॅकअप घेताना होती तीच पद्धत पुन्हा निवडावी. संगणकच बदलला असेल, तर नव्या कंट्रोलरचा ड्रायव्हर ‘डिझम’ या विंडोजच्या कमांडच्या ‘अ‍ॅड-ड्रायव्हर’ पर्यायाने बंद असलेल्या विंडोजमध्ये घालता येतो.

लिनक्समध्ये कारण सहसा सोपे असते. नव्या पार्टिशनला नवा यूयूआयडी (ओळखक्रमांक) मिळालेला असतो आणि ‘एफस्टॅब’ या पार्टिशनच्या यादीच्या फायलीत मात्र जुनाच राहतो, म्हणून प्रणाली त्या डिस्कची ९० सेकंद वाट पाहते आणि मग आपत्कालीन स्थितीत थांबते. लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून लिनक्स थेट चालते) ‘बीएलकेआयडी’ने खरे क्रमांक पाहून एफस्टॅब दुरुस्त करावी, ‘सीएचरूट’ करून (डिस्कवरच्या प्रणालीत शिरून) ग्रब हा बूट लोडर आणि इनिटरॅमएफएस ही सुरुवातीची फाइलप्रतिमा नव्याने तयार करावेत.

बीसीडीबूट यशस्वी झाल्याचे सांगते आणि तरीही विंडोज उघडत नाही, असे झाले, तर विंडोज फोल्डरमधील सिस्टम३२ जागेवर आहे का ते पाहून ‘चेकडिस्क’ चालवावी. तिथे फायलीच गहाळ आढळल्या, तर बॅकअप अर्धवट आहे. तेव्हा मात्र दुरुस्तीचा नाद सोडून त्याआधीचा बॅकअप दुसऱ्या रिकाम्या डिस्कवर रिस्टोअर करावा, आणि आताची डिस्क, तिच्यावरील हव्या त्या फायली उतरवून घेईपर्यंत, तशीच बाजूला ठेवावी.