पॅट्रिआर्क विरुद्ध सम्राट: बायझंटाइन अभ्यासात आधी तारखा सोडवा

‘बायझंटाइन साम्राज्यातील धर्म आणि राजसत्ता’ असलं शीर्षक देऊन लघुप्रबंधाला बसू नका. दोन वर्षांनीही प्रस्तावनाच चालू असेल. एक पॅट्रिआर्क, म्हणजे कॉन्स्टॅन्टिनोपलच्या चर्चचा प्रमुख, घ्या आणि त्याचं एकच भांडण घ्या. दोनदा पदावर आलेला आणि दोनदा हटवलेला फोटिओस, सम्राट सहाव्या लिओच्या चौथ्या लग्नाला आडवा गेलेला निकोलाओस मिस्टिकोस, अकरा वर्षांच्या राजपुत्राचे डोळे काढल्याबद्दल सम्राट आठव्या मिखाएलला बहिष्कृत करणारा आर्सेनिओस, यांतला कुठलाही एक एम.ए.ला पुरून उरतो.

‘सम्राट हाच चर्चचा धनी होता’ हे वाक्य परीक्षेपुरतं ठीक, संशोधनात घातक. दहाव्या शतकातल्या दरबारी विधींच्या ग्रंथात निवडीची रीत दिली आहे: धर्मसभेनं तीन नावं सुचवायची, सम्राटानं एक उचलायचं, आणि तिन्ही नापसंत असली तर त्यानंच चौथं सांगायचं. इथं पारडं सम्राटाकडे झुकलेलं दिसतं. पण ९६९ मध्ये सम्राट निकिफोरोस फोकासचा खून करून आलेल्या योआनिस त्झिमिस्किसला पॅट्रिआर्क पोलिएउक्तोसनं मुकुट घालायचं नाकारलं. आधी निकिफोरोसच्या राणीला, थिओफानोला, राजवाड्याबाहेर काढ, मारेकऱ्यांची नावं सांग, चर्चविरोधी फर्मानं रद्द कर, मग बघू. त्झिमिस्किसनं ऐकलं. उलट, ९०६ च्या नाताळात लिओला हागिया सोफिया या राजधानीतल्या मुख्य चर्चच्या दारात अडवणारा निकोलाओस ९०७ च्या फेब्रुवारीत पदावरून गेला होता. म्हणून नियम शोधू नका, त्या महिन्यात कोणाला कोणाची गरज होती ते शोधा.

आणि ‘त्या महिन्यात’ म्हटलं की तारखा आल्या. माणसं आपटतात ती इथंच, म्हणून जरा लांबण लावतो.

बायझंटाइन वर्ष जगाच्या निर्मितीपासून मोजतात आणि ते १ सप्टेंबरला बदलतं. त्यामुळे सप्टेंबर ते डिसेंबरच्या घटनेसाठी ५५०९ वजा करायचे, जानेवारी ते ऑगस्टसाठी ५५०८. शकाचा इसवी सन काढताना ७८ मिळवायचे की ७९, हा घोळ ज्यांनी निस्तरलाय त्यांना हे नवं नाही. तरीही चूक होते, कारण घाईत सगळीकडे ५५०८ च वापरला जातो. परिणाम बघा. सम्राट पहिल्या इसाकिओस कोम्निनोसचा राज्याभिषेक पॅट्रिआर्क मिखाएल केरूलारिओसनं सृष्टिवर्ष ६५६६ च्या सप्टेंबरात केला. ५५०८ वजा केलेत तर १०५८ येतं. नोव्हेंबर १०५८ मध्ये याच इसाकिओसनं केरूलारिओसला अटक केली. म्हणजे तुमच्या कागदावर मुकुट आणि अटक यांत दोन महिने उरतात, आणि तुम्ही ‘अचानक झालेला विश्वासघात’ यावर आख्खं प्रकरण लिहून मोकळे होता. खरं वर्ष १०५७. मधे चौदा महिने आहेत, आणि इसाकिओसनं मठांच्या जमिनींना हात घातला तोही याच काळात. तुमचं प्रकरण तिथंच कोसळतं.

उपाय सोपा आहे. इंडिक्शन तपासा. हा पंधरा वर्षांच्या चक्रातला त्या वर्षाचा क्रमांक. सृष्टिवर्षाला १५ नं भागा, बाकी उरेल ती इंडिक्शन. शून्य उरलं तर १५ वी. ६५६६ ची बाकी ११ येते. साधनात दहावी किंवा बारावी दिसली, तर काहीतरी बिनसलंय.

थिओफानिस या इतिवृत्तकाराच्या इतिवृत्ताला मात्र हे सूत्र लावू नका. तो अलेक्झांड्रियाची गणना वापरतो, तिथं ५४९३ आणि ५४९२ वजा करायचे. शिवाय सातव्या-आठव्या शतकांतल्या मोठ्या टप्प्यांत त्याचं सृष्टिवर्ष इंडिक्शनपेक्षा एकानं मागे पडतं. पॅट्रिआर्क गेर्मानोसनं पद सोडलं तो प्रसंग घ्या. थिओफानिसकडे वर्ष ६२२१, इंडिक्शन १३, ७ जानेवारी, मंगळवार. वर्षावरून ७२९ निघतं, इंडिक्शनवरून ७३०. आता वार बघा, ज्युलियन कॅलेंडरनं. ७ जानेवारी ७२९ ला शुक्रवार होता, ७ जानेवारी ७३० ला शनिवार. मंगळवार येतो १७ जानेवारी ७३० ला, म्हणजे नकलताना ‘दहा’ गळालेत. नवा पॅट्रिआर्क अनास्तासिओस २२ जानेवारीला बसला, आणि त्या दिवशी रविवार होता. सगळं जुळलं. वर्ष, इंडिक्शन, महिना-दिवस आणि वार असे चार रकाने आखा, तीन जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. ऑनलाइन परिवर्तक बहुधा फक्त वर्ष विचारतात. माझ्या मते ते न वापरलेलेच बरे.

एवढं वाचून धीर सोडू नका. आठवडाभर रोज चार-पाच तारखा सोडवल्यात की हात बसतो.

साक्षीदारांबद्दल थोडक्यात. दरबारी लेखक प्सेल्लोसनं केरूलारिओसवर आरोपपत्र लिहिलं आणि तो मेल्यावर त्याचीच स्तुतीही लिहिली. दोन्ही वाचा, आणि प्रत्येक वेळी सिंहासनावर कोण होतं ते समासात टिपा. फोटिओसच्या विरोधकांचा मजकूर त्याचा प्रतिस्पर्धी पॅट्रिआर्क इग्नातिओस याच्या चरित्रात मिळतो. तो चविष्ट आहे, म्हणूनच जपून. आणि १६ जुलै १०५४ ला ‘चर्च दुभंगलं’ असं लिहू नका. रोमच्या दूतांनी केरूलारिओस आणि त्याच्या साथीदारांना बहिष्कृत केलं. त्यांना पाठवणारा पोप नववा लिओ एप्रिलमध्येच वारला होता. कॉन्स्टॅन्टिनोपलच्या सभेनं उलट बहिष्कार घातला तो दूतांवर, पोपवर नाही.

ग्रीक येत नाही म्हणून मागे फिरू नका, एम.ए.ला इंग्रजी भाषांतरं चालतात. पण पदनामं मूळ ग्रीकमध्ये तपासा. ‘सिंगेल्लोस’ला नुसता ‘सचिव’ म्हणून सोडलंत, तर सहाव्या लिओनं आपल्या धाकट्या भावाला, स्तेफानोसला, त्या पदावरून ८८६ मध्ये थेट पॅट्रिआर्क कसं केलं, ते कळणार नाही. हे पद म्हणजे पॅट्रिआर्कच्या खुर्चीची पायरी मानली जायची. मार्गदर्शकही असा बघा, की जो तुमचा तारखांचा तक्ता ओळीनं तपासेल. नाव मोठं पण तक्ता न उघडता सही करणारा असेल, तर छापून झाल्यावर चुका बाहेरचे परीक्षक काढतात.