माजलेला गवती चहा आटोक्यात आणताना

गवती चहाचा ठोंब दोन-तीन वर्षे तसाच राहिला की बाहेरून हिरवागार दिसतो. पाती बाजूला सारून पाहिले तर मधला भाग मात्र वाळून तपकिरी पडलेला असतो आणि जिवंत फुटवे फक्त कडेने उरलेले असतात. अशा वेळी वरवर शेंडे कातरल्याने काहीच साधत नाही.

या कामाला मे महिन्याची अखेर उत्तम, कारण त्यानंतर येणाऱ्या पावसात नवी फूट जोमाने येते. पात्यांच्या कडा करवतीसारख्या असतात व बोट सहज चिरते, म्हणून हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालावाच. दाट जाळीत साप किंवा विंचू असू शकतो. आधी लांब काठीने ठोंब नीट हलवून पाहावा. मग सगळी पाती सुतळीने मोळीसारखी आवळून जमिनीपासून साधारण 15 सेंटिमीटरवर धारदार विळ्याने कापावीत, म्हणजे कचरा अंगणभर पसरत नाही.

मध्य वाळला असेल तर पहारीने संपूर्ण ठोंब उपटावा, मेलेला गाभा टाकून द्यावा आणि मुळांसह तीन-चार फुटव्यांचे जुडगे भरपूर उन्हाच्या जागी, दोन-दोन फुटांवर लावावेत. पाणी साचणारी जागा टाळावी, कारण तेथे मुळे कुजतात. कापलेली हिरवी पाती सावलीत वाळवून डब्यात भरावीत. वाळकी पाती आळ्यात आच्छादनासाठी पसरावीत.