गोदाकाठचे हिवाळी पक्षी: कसे पाहावेत, कसे टिपावेत

थंडी पडली की नाशिकमधले कॅमेरेवाले नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्याची वाट धरतात. जागा आहेच तशी. पण पक्षी ओळखायला आणि त्यांचे बरे फोटो काढायला शिकायचं असेल, तर माझा सल्ला उलटा आहे. आधी घराजवळचा गोदेचा एक-दीड किलोमीटरचा काठ धरा, हिवाळाभर तोच काठ पुन्हा पुन्हा चाला आणि नांदूरला नंतर जा. अभयारण्यात पक्षी हजारोंनी दिसतात, पण बहुतेक लांब पाण्यात. शहरातल्या नदीवर ते थोडे असले, तरी माणसांच्या वावराला सरावलेले असतात. जॉगिंग करणारे, धुणं धुणारे, निर्माल्य टाकायला आलेले, सगळ्यांच्या शेजारी बगळा आपला उभाच. शिकणाऱ्याला असाच बगळा हवा.

काठ कोणता धरायचा

हे ठरवताना नदी कुठल्या दिशेला वाहते ते आधी बघा. गंगापूर धरणाकडून रामकुंडापर्यंत गोदावरी साधारण पश्चिमेकडून पूर्वेला येते. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवतो आणि दिवसभर दक्षिणेकडे कललेला राहतो. त्यामुळे गंगापूर रोडच्या बाजूच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या काठावर उभं राहून पाण्याकडे पाहिलं, की सकाळी ऊन तुमच्या पाठीशी आणि पक्ष्याच्या अंगावर पडतं. गोदापार्कचा पट्टा याच बाजूला आहे, हे आपलं नशीब. समोरच्या मखमलाबादकडच्या काठावरून तोच पक्षी काळा ठिपका दिसेल. रामकुंडापाशी नदी दक्षिणेला वळते, तिथे हिशेब बदलतो: सकाळी पंचवटीच्या बाजूला उभं राहायचं, ऊन पुन्हा पाठीशी.

दुसरी गोष्ट म्हणजे काठात विविधता हवी. थोडे खडक, थोडा उघडा चिखल, कडेला पाणवेली किंवा गवत आणि पाण्यावर वाकलेलं एखादं झाड. सिमेंटचा सरळसोट घाट देखणा असतो, पण पक्ष्याला तिथे खायला काही मिळत नाही. सोमेश्वरच्या धबधब्याजवळ खडक आणि खळाळ आहे, तपोवनात कपिलेचा संगम आहे. पट्टा निवडलात की एकदा भर दुपारी चालून या. कुठे निसरडं आहे, कुठली कुत्री अंगावर येतात, हे उजेडात कळलेलं बरं. घाटांवर सिंहस्थाची कामं चालू असली तर वाटही बदलते.

वेळ कोणती

पाहुणे पक्षी ऑक्टोबरपासून येऊ लागतात आणि मार्चमध्ये परततात. मध्य आशिया, सैबेरिया, हिमालय अशा गारठणाऱ्या मुलखांतून ते उतरतात. डिसेंबर आणि जानेवारी हे भराचे महिने. या दिवसांत नाशिकला सूर्य सातच्या सुमारास उगवतो. उजाडता उजाडता काठावर पोहोचायचं आणि साडेनऊपर्यंत आटपायचं. दहानंतर ऊन वरून येतं, पाणी चकाकतं आणि तापलेल्या हवेच्या थरथरीने लांबचे फोटो मऊ पडतात. मग कितीही महाग लेन्स असो. मिसळ त्यानंतर. आधी मिसळीला थांबलात तर पक्षी विसरा.

तारखेपेक्षा महत्त्वाची गोष्ट नदीतलं पाणी. वरून आवर्तन, म्हणजे धरणातून ठरावीक दिवस सोडलेलं पाणी, सुटलं की काठचा चिखल बुडतो आणि तिथे चरणारे पक्षी नाहीसे होतात. पाणी ओसरलं की नवा ओला चिखल उघडा पडतो, त्यात किडे-अळ्या असतात आणि दोन दिवसांत तुतवार, शेकाटे, धोबी परत हजर होतात. आवर्तन कधी संपतंय यावर लक्ष ठेवणारा माणूस बाकीच्यांपेक्षा जास्त पक्षी पाहतो.

पहिले काही फेरफटके कॅमेऱ्याशिवाय

हे कुणाला आवडत नाही, पण करा. कॅमेरा हातात असला की आपण पक्ष्याकडे बघत नाही, मागच्या स्क्रीनकडे बघतो. सुरुवातीला दुर्बीण आणि खिशात मावणारी वही पुरे. दुर्बीण ८ बाय ४२ घ्या. आठ पट मोठं दिसतं आणि ४२ मिलिमीटरच्या भिंगातून पहाटेच्या उजेडातही चित्र स्वच्छ येतं. जास्त पटीचा मोह नको, हाताच्या थरथरीने चित्रही तितकंच हलतं.

वहीत पक्ष्याचं नाव नाही लिहिता आलं तरी चालेल. आकार लिहा: चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा. चोच, पाय, शेपटी काय करत होती तेही. रंग शेवटी, कारण उजेडाबरोबर रंग बदलतो, सवयी बदलत नाहीत.

काठ वाचायला शिका

पाण्याच्या अगदी कडेला, खडकावर, सतत शेपूट वरखाली हलवणारा सडपातळ पक्षी दिसला तर तो धोबी. हिवाळ्यात गोदेवर इतके धोबी असतात की नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी. काळं डोकं, त्यावर ठसठशीत पांढरी भुवई आणि अंगाने थोराड, तो बारमाही आपला स्थानिक. चेहरा पांढरा आणि गळ्याखाली काळा पट्टा, तो पांढरा धोबी, पाहुणा. पाठ राखाडी, पोट-बूड पिवळं आणि शेपूट खूप लांब असेल तर करडा धोबी. हा हिमालयातून येतो आणि त्याला वाहतं पाणी आवडतं, म्हणून सोमेश्वरसारख्या खडकाळ जागी शोधायचा. पिवळा धोबी ओल्या गवतात, चरणाऱ्या म्हशींच्या पायाशी. हे चार वेगळे ओळखता आले की तुमची नजर तयार झाली असं समजा.

त्याच चिखलात एक तपकिरी, मैनेहून लहान पक्षी मागचा भाग उचकवत चालतो. त्याच्या खांद्यापाशी पोटाचा पांढरा रंग कोनासारखा वर चढलेला दिसतो. हा तुतवार. उडाला की पाण्याला लागून, ताठ पंख थरथरवत जातो.

बगळ्यांचा घोळ सगळ्यांचाच होतो. चोचीवर आणि पावलांवर लक्ष ठेवा. चोच काळी, पाय काळे आणि पावलं मात्र पिवळी, तो लहान बगळा. उथळ पाण्यात पाय हलवून तो मासे उठवतो, ते बघण्यासारखं असतं. चोच पिवळी, आखूड आणि मान जाड, तो गायबगळा. चोच पिवळी पण पावलं काळी आणि अंगाने मधला, तो मध्यम. मान अवास्तव लांब, मध्ये गाठ असल्यासारखी मोडलेली, तो मोठा बगळा. आणि काठावर मातकट रंगाचं काहीतरी गप्प बसलंय, तुम्ही जवळ जाताच पांढरेशुभ्र पंख उघडून उडालं, तर तो वंचक. उडताना मान आखडून घेतो तो बगळ्यांपैकी, मान ताठ पुढे ठेवतो तो करकोचा किंवा शराटी.

पाणवेलींवर पाणकोंबड्या आणि कमळपक्षी. मोकळ्या पाण्यात सारखी बुडी मारणारी टिबुकली. खडकावर पंख पसरून उभे असतात ते पाणकावळे. बुडी मारताना त्यांची पिसं भिजतात, ती ते वाळवत असतात. तारेवर किंवा वाळक्या फांदीवर खंड्या. काळ्या-पांढऱ्या रंगाचा कवड्या खंड्या मात्र हवेत एका जागी फडफडत थांबतो आणि तिथून सरळ पाण्यात सूर मारतो. वर हिंडणारा लांब टोकदार पंखांचा, पिवळ्या चोचीचा नदीसुरय.

पाण्याकडे बघताना पाठीमागचं गवत विसरू नका. बोरूच्या शेंड्यावर गप्पीदास, जुन्या भिंतीवर शेपूट थरथरवणारा थिरथिऱ्या, दोघेही हिवाळ्याचेच.

जवळ जायचं कसं

खरं तर जायचं नाही. पक्ष्याच्या मागे चाललात तर तो तेवढाच पुढे जातो, आणि तुम्ही संपूर्ण काठ उठवून घरी येता. धोबी, तुतवार, खंड्या यांच्या बसायच्या जागा ठरलेल्या असतात. उडाले तरी थोड्या वेळाने तिथेच येतात. जागा हेरा, ऊन पाठीशी घेऊन खाली बसा आणि थांबा. पुढे सरकावंच लागलं तर सरळ त्याच्या दिशेने नको, तिरपं, थांबत थांबत. पक्ष्याने खाणं सोडून मान उंचावली, तर तुम्ही नको तितके जवळ आलात. टिटवी ओरडायला लागली तर झालंच, आता सगळ्या नदीला खबर गेली. दहा मिनिटं दगड होऊन बसा.

कपडे मातकट किंवा हिरवट. पांढरा शर्ट, लाल स्वेटर नको. कानटोपी घाला, निफाडच्या दिशेला पहाटे हातपाय खरंच बधिर होतात. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. दुसरा नर आलाय असं समजून तो खाणं सोडून भांडायला येतो.

कॅमेरा कसा लावायचा

लेन्स किमान ३०० मिलिमीटरची हवी, ४०० ते ६०० असेल तर सुख. बजेट कमी असेल तर लांब झूमचा ब्रिज कॅमेरा (लेन्स न बदलता येणारा) शिकायला चांगला. शटरचा वेग आधी ठरवा. स्थिर उभ्या बगळ्याला १/५०० पुरे, धोब्यासारख्या अस्थिर पक्ष्याला १/१६००, उडणाऱ्याला १/२०००, सूर मारणाऱ्या खंड्याला १/३२००. अ‍ॅपर्चर लेन्स देईल तेवढं मोठं, म्हणजे एफचा आकडा सगळ्यात लहान ठेवा. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ऑटोवर टाकून वरची मर्यादा ठरवून द्या. थोडे दाणे आले तरी चालतील, हललेला फोटो मात्र दुरुस्त होत नाही. फोकस सतत बदलणारा निवडा, कॅननमध्ये एआय सर्व्हो, निकॉन आणि सोनीमध्ये एएफ-सी. फोकसचा बिंदू डोळ्यावर. डोळा स्पष्ट असेल तर शेपूट धूसर झाली तरी फोटो जगतो.

पांढऱ्या आणि काळ्या पक्ष्यांना कॅमेरा फसतो. अंधाऱ्या पाण्यावरचा बगळा तो जास्तच उजळवतो आणि पिसांचा तपशील जळून जातो. एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप कमी करा. पाणकावळ्याला उलट, थोडं वाढवा. शक्य असेल तर रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल ठेवा.

फोटोत खरा फरक पडतो तो उंचीने. उभ्याने काढलेल्या फोटोत पक्ष्याच्या मागे चिखल येतो. बसून, जमलं तर पालथं पडून काढलात तर मागे पाणी जातं आणि धूसर होतं. जुनी गोणी किंवा योगा मॅट सोबत ठेवा. धुकं असलेल्या दिवशी मात्र ऊन पाठीशी घ्यायचा नियम मोडा: धुक्यात सूर्यासमोर पंख पसरलेला पाणकावळा फार सुंदर दिसतो.

फक्त मोबाइल असेल तर पक्ष्याच्या मागे लागू नका. नदी, घाट आणि त्यात बगळा असा फोटो काढा. दुर्बिणीच्या एका भिंगाला मोबाइल टेकवून ओळखीपुरता फोटो निघतो.

सांभाळून

काठाला ऊस किंवा दाट झुडपं असतील तिथे अंधारात एकट्याने जाऊ नका. नाशिकला बिबट्या ही ऐकीव गोष्ट नाही. नदीपात्रातल्या खडकांवर बसू नका, वरून सोडलेलं पाणी हळूहळू चढतं आणि व्ह्यूफाइंडरला डोळा असताना ते कळत नाही.

संक्रांतीच्या आगेमागे झाडांवर नायलॉन मांजा लटकत असतो. त्यावर बंदी आहे, तरीही. अडकलेला पक्षी दिसला तर मांजा ओढू नका, जखम खोल जाते. उंचावर असेल तर १०१ वर अग्निशमन दलाला आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. हाती आला तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका.

घरी आल्यावर

त्याच दिवशी यादी करा: पक्षी, संख्या, वेळ, नदीचं पाणी. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरली तर ती अभ्यासकांच्याही कामी येते. ओळख पटत नसेल तर मर्लिन अ‍ॅप फोटो किंवा आवाजावरून पर्याय सुचवतं. भारताचा पॅक आधी घरी उतरवून ठेवा. त्याचं उत्तर अंतिम मानू नका, आपल्या वहीतल्या नोंदीशी ताडून बघा. घरट्याचा फोटो टाकायचाच असेल तर नेमकी जागा लिहू नका. दुसऱ्या दिवशी तिथे दहा कॅमेरे उभे असतात.

मग नांदूर

एवढं झालं की निफाड तालुक्यात जा. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे इंग्रजांच्या काळात बांधलेला बंधारा आहे. त्याच्या मागे वर्षानुवर्षं गाळ साचून पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, आणि बदकांना, करकोच्यांना हवी ती जागा मिळाली. १९८६ मध्ये अभयारण्य झालं, २०२० च्या जानेवारीत रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, चित्रबलाक, चमचा आणि त्यांच्यावरून घिरट्या घालून सगळ्यांना उठवणारा दलदल ससाणा. चापडगावच्या बाजूने जा, स्थानिक गाइड घ्या. आज पाणी कुठे आहे आणि पक्षी कुठे बसलेत, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. रविवार टाळा. मनोऱ्यावर दुर्बिणीपेक्षा टिफिन जास्त असतात.