क्रोशे उसवताना या चुका टाळा

क्रोशे शिकायला आलेली मुलगी चौथ्या-पाचव्या दिवशी हमखास विचारते, "काकू, चुकलेलं एवढंच कापून टाकलं तर?" नाही चालणार. क्रोशात सुईवर एकच टाका जिवंत असतो. सुई काढून दोरा ओढला की सगळं काम शेवटाकडून सुरुवातीकडे सरसर सुटत येतं. असं सुख असताना कात्री कशाला? कात्री मारलीत की हातात बोटबोटभर तुकडे उरतात, मग त्यांच्या गाठी दिसतात म्हणून पुन्हा माझ्याकडेच येता. आणि पहिल्या साखळीच्या टोकाकडून ओढत बसू नका, तिकडून उसवत नाही.

आता माझी सगळ्यात नावडती चूक: "पुढे जुळवून घेऊ." ही मी स्वतः केलेली आहे, म्हणून जास्त राग.

दारावर लावायला 'सुस्वागतम्'चं जाळीचं तोरण करत होते. २० नंबरचा पांढरा दोरा, २५ घरांची, म्हणजे जाळीतल्या चौकोनांची रुंदी; घराला तीन टाके आणि कडेचा एक, असे ७६ टाके. तोरण आडवं विणत जायचं, त्यामुळे शिरोरेषा म्हणजे प्रत्येक ओळीत कडेजवळची दोन भरीव घरं. ५२व्या ओळीला कुकरची शिट्टी झाली, उठले, परत आले आणि ती दोन घरं एक घर खाली भरली. पुढे कुठलं घर भरायचं तो कागदावरचा नकाशा बघितलाच नाही. आधीच्या ओळीत भरीव दिसलं की त्यावर भरीव. अक्षराची घरं मी शिरोरेषेपासूनच मोजत होते, त्यामुळे अक्षरंही तिच्याबरोबर खाली उतरली. ६०व्या ओळीच्या आसपास शंका आली होती, खोटं कशाला बोलू. पण म्हटलं, एका घराने काय होतंय, कोण मोजायला येतंय!

११८व्या ओळीला, 'त' चालू असताना, सहज कपाटाच्या मुठीला अडकवून लांबून पाहिलं. 'स्वा'च्या मधोमध शिरोरेषेला पायरी पडलेली. जवळून अजिबात दिसत नव्हती, लांबून दुसरं काही दिसत नव्हतं. तीन दिवस मी त्याकडे पाठ करून बसले. चौथ्या दिवशी ६६ ओळी उसवल्या. शंका आली तेव्हाच थांबले असते तर आठ ओळींत सुटले असते.

तेव्हापासून दर दहा ओळींनी काम टांगून चार पावलं मागे जाऊन बघते. आणि उसवायच्या आधी चुकीच्या ओळीला रंगीत दोरा बांधते, नाहीतर ओढण्याच्या भरात चांगलं कामही सुटतं. त्या ओळीपर्यंत आलं की हळू, एकेक टाका. थांबले की मोकळ्या टाक्यात सेफ्टी पिन.

गोल रुमालाचंही तेच. पहिल्या फेरीत १२ खांब (सुईवर दोरा घेऊन घातलेले उंच टाके) असतील तर पुढे २४, ३६, ४८. वाटीसारखा वर आला तर वाढ कमी पडली, झालर पडली तर जास्त झाली. "धुतल्यावर बसेल" म्हणणारे रुमाल मी बरेच पाहिलेत, बसलेला एकही नाही. टेबलावर शेवटचा जिथे सपाट होता, तिथपर्यंत उसवा.

कडा आत येत चालल्या? वळताना घातलेल्या तीन साखळ्या हा पहिला खांब धरलात, पण ओळीच्या शेवटी त्यांच्यात खांब घातला नाहीत. दर ओळीला एक टाका गळतोय.

दुसरी खोड: उसवलेला दोरा जमिनीवर ढीग करून टाकणं. मग मांजर किंवा नातू. ओढता ओढता गुंडाळा, दुसरं काही नाही.

आणि उसवलेली लोकर तशीच कुरळी विणायला घेऊ नका, टाके लहानमोठे येतात. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात अर्धा तास बुडवा, न चोळता टॉवेलात दाबून पाणी काढा आणि सावलीत वाळत घाला. एवढा धीर नसतो. एकीने ॲक्रिलिकच्या लडीवर गरम इस्त्री फिरवली. लोकर चपटी झाली, चकाकायला लागली, अंगातली उसळीच गेली. ती परत येत नाही. लडी फेकली आणि नवी आणली, तर लेबलवरचा लॉट नंबर, म्हणजे एकत्र रंगवलेल्या लोकरीचा नंबर, वेगळा. आता त्या शालीच्या एका टोकाची गुलाबी जरा वेगळीच दिसते.

केसाळ लोकर आधी थोडी उसवून बघा. तंतू एकमेकांत अडकले असतील तर पिशवीत घालून दोन-तीन तास फ्रीजरमध्ये ठेवा, मग जरा सुटते. फक्त घरात सांगून ठेवा. आमच्याकडे बर्फ काढायला गेलेल्या जावयांच्या हातात बाळाचं टोपडं आलं होतं.