ब्रँडेड विकावा की असेंबल्ड? छोट्या कॉम्प्युटर दुकानदारांनो, या चुका टाळा

ब्रँडेडमध्ये मार्जिन उरत नाही आणि सुटे पार्ट जोडून बनवलेल्या असेंबल्डमध्ये डोकेदुखी संपत नाही, ही तक्रार प्रत्येक दुकानात ऐकू येते. दोन्ही खरंच आहे. पण पैसा बुडतो तो तिसऱ्याच ठिकाणी. आपण भाव लावतो असेंबल्डचा आणि जबाबदारी घेतो ब्रँडेडची.

न विचारता कोटेशन देणं

पतसंस्था, सीएचं ऑफिस किंवा शाळेची लॅब असेल आणि दहा मशीन एकसारखी हवी असतील, तर सरळ ब्रँडेड कमर्शियल डेस्कटॉप द्या, तीन वर्षांच्या ऑनसाइट वॉरंटीसह. तिथे दोन हजार वाचवण्यापेक्षा काउंटर बंद न पडणं महत्त्वाचं असतं. डीटीपीवाला, फोटो स्टुडिओ, आर्किटेक्ट, गेमिंगची पोरं यांना असेंबल्ड. त्यांना रॅम, ग्राफिक्स कार्ड, दुसरी ड्राइव्ह असं पुढे वाढवत जायचं असतं.

फसगत होते ती अधल्यामधल्या गिऱ्हाइकाची. धान्याच्या होलसेलरला टॅलीसाठी पीसी हवा असतो, म्हणून आपण छोटा ब्रँडेड डबा देतो. दुसऱ्या दिवशी कळतं, की डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पॅरलल पोर्टचा आहे आणि वजनकाटा सिरियल पोर्टवर चालतो. यूएसबी-पॅरलल केबल प्रत्येक बिलिंग सॉफ्टवेअरला चालतेच असं नाही. म्हणून कोटेशनआधी जुन्या पीसीच्या मागच्या बाजूचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. असेंबल्डमध्ये कॉम हेडर (सिरियल पोर्टची जोडणी) असलेला मदरबोर्ड निवडून ब्रॅकेट लावता येतो, पॅरललसाठी पीसीआय-ई कार्ड टाकता येतं. छोट्या डब्यात त्याला बहुधा जागाच नसते.

वॉरंटी तोंडी देणं

“तीन वर्षं बघायचंच नाही, शेठ!” हे वाक्य महागात पडतं. प्रोसेसर आणि बोर्डाला साधारण तीन वर्षं असतात, पण कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसला (पॉवर सप्लायला) एकच. शिवाय तुमची वॉरंटी बऱ्याचदा डिस्ट्रिब्युटरच्या बिलापासून मोजली जाते. माल पाच महिने रॅकवर पडला, की तेवढे पाच महिने तुमच्या खिशातून.

बिलावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर आणि त्यापुढे त्याची स्वतःची मुदत लिहा. खाली एक ओळ टाका: पार्ट कंपनीकडून बदलून येईपर्यंत लागणारा वेळ आणि सहा महिन्यांनंतरचा व्हिजिट चार्ज. विक्रीच्या भावात सर्व्हिसचे पैसे आधीच धरा. समजा, एका पीसीमागे तीन हजार सुटले आणि वर्षात गावाबाहेर पाच चकरा झाल्या, प्रत्येकी अर्धा दिवस, तर पेट्रोल धरून हाती काय उरलं ते मांडून बघा. आरएमएला, म्हणजे वॉरंटीत बदलून घ्यायला, गेलेल्या मालाच्या जागी द्यायला एक रॅम, एक एसएसडी आणि एक चांगला एसएमपीएस दुकानात फिरता ठेवावाच लागतो. तो खर्चही असेंबल्डच्याच खात्यात.

ब्रँडेडमध्ये उलटी गंमत आहे. काही कंपन्यांची वॉरंटी कारखान्यातून मशीन निघाल्यापासून सुरू धरलेली असते. डिलिव्हरीच्याच दिवशी सिरियल नंबर साइटवर तपासा आणि तारीख चुकली असेल तर बिल पाठवून दुरुस्त करून घ्या. ऑनसाइट सेवा गिऱ्हाइकाच्या पिनकोडवर मिळते का, हे विकण्याआधी बघा.

ब्रँडेड डब्याच्या आत न डोकावणं

‘नंतर ग्राफिक्स कार्ड टाकून देऊ’ असं सांगून ब्रँडेड विकू नका. बऱ्याच डेस्कटॉपमध्ये १८० ते ३०० वॉटचा खास आकाराचा एसएमपीएस असतो, बोर्डाचा कनेक्टर नेहमीचा २४ पिनचा नसतो आणि कार्डाला लागणारी जादा वायर नसतेच. बाजारातला एसएमपीएस तिथे बसत नाही. ८ जीबीची एकच पट्टी असेल तर मेमरी सिंगल चॅनेलवर, म्हणजे एकाच मार्गाने, चालते. दुसरी तशीच पट्टी टाकून दिलीत तर फरक गिऱ्हाइकालाही जाणवतो, आणि तुमचेही चार पैसे सुटतात.

जुळणीतल्या चुका

नावामागे ‘एफ’ असलेला इंटेल प्रोसेसर स्वस्त मिळतो, पण त्यात ग्राफिक्स नसतं. कार्डाशिवाय स्क्रीन काळीच राहणार. एच६१० बोर्ड डीडीआर४ चाही येतो आणि डीडीआर५ चाही, त्या पट्ट्या एकमेकांत बसत नाहीत. जुन्या स्टॉकच्या बोर्डावर नव्या पिढीचा प्रोसेसर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केल्याशिवाय सुरू होत नाही.

एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ‘४५०’ छापलेलं असतं. तिकडे बघू नका. बाजूच्या तक्त्यात +१२ व्होल्टसमोरचे अँपिअर वाचा. १४ अँपिअर असतील तर १२ × १४ म्हणजे १६८ वॉट, संपला विषय. त्यावर ग्राफिक्स कार्ड लावलंत तर गेम सुरू होताच मशीन रिस्टार्ट होईल आणि तुम्ही मात्र विंडोज पुन्हा टाकत बसाल.

इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटचा बोर्ड उघडला की प्रोसेसर ठेवण्याआधी सॉकेटच्या पिनांचा जवळून फोटो काढा आणि प्लॅस्टिकचं झाकण बॉक्समध्ये जपून ठेवा. पिन वाकली असेल किंवा झाकण नसेल तर बोर्ड परत घ्यायला टाळाटाळ होते.

डिस्प्ले येत नाही? या क्रमाने बघा

आधी केबल. कार्ड लावलेलं असताना एचडीएमआय बोर्डाच्या पोर्टात खोचलेली सापडणं ही रोजची गोष्ट आहे. मग प्रोसेसरजवळची ८ पिनची वायर, ती विसरली तर पंखे फिरतात पण स्क्रीन येत नाही. एकच रॅम ठेवा, चार स्लॉटच्या बोर्डात प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. बोर्डावर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए असे छोटे दिवे असतील तर कोणता जळत राहतो ते बघा.

डीडीआर५ बोर्ड, विशेषतः एएमडीच्या एएम५ सॉकेटचे, पहिल्यांदा सुरू होताना मेमरी ट्रेनिंग करतात, म्हणजे रॅमशी जुळवून घेतात. काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. घाबरून मध्येच बंद केलंत तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू. चहा मागवा, दहा मिनिटं हात लावू नका.

तरीही नाहीच, तर बोर्ड कॅबिनेटमधून काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, दोन वायरी, बस. पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरने क्षणभर जोडा. बाहेर चालला आणि आत चालत नाही, याचा अर्थ बहुधा बोर्डाखाली एखादा जादा स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर बसतो तो धातूचा खुंट) टेकतोय.

अर्थिंगचा दोष मशीनवर ढकलणं

‘कॅबिनेटला मुंग्या येतात’ म्हणून दोन-दोन एसएमपीएस बदलले जातात. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या फिल्टरमुळे कॅबिनेटवर साधारण ११० व्होल्ट दिसतात, मग मशीन ब्रँडेड असो की असेंबल्ड. डिलिव्हरीला जाताना मल्टिमीटर न्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थ ३ व्होल्टच्या आत हवं. आकडे बिलाच्या मागे लिहून सही घ्या. नंतर बोर्ड जळाला तर हीच सही उपयोगी पडते.

विंडोज आणि बिल

पाचशे रुपयांची विंडोजची की विकू नका. ती पुढे बंद पडते तेव्हा फोन तुम्हालाच येतो. ओईएम (मशीनसोबत दिलेलं) लायसन्स बोर्डाला बांधलेलं असतं, बोर्ड बदलायची शक्यता असेल तर रिटेल घ्यायला सांगा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे जुनी मशीन विकत घेताना विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि प्रोसेसरची पिढी बघूनच भाव करा.

नव्या ब्रँडेड मशीनवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन (ड्राइव्हवरचा डेटा कुलूपबंद करणं) आपोआप सुरू होऊ शकतं. वॉरंटीत बोर्ड बदलला की रिकव्हरी की मागितली जाते आणि ती नसेल तर डेटा गेला. पहिल्याच दिवशी ती की छापून गिऱ्हाइकाच्या फाइलमध्ये लावून द्या.

तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर व्यापारी गिऱ्हाइकाला इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) मिळणार नाही, हे कोटेशनच्या वेळीच सांगा. नाहीतर १८ टक्क्यांचा वाद डिलिव्हरीच्या टेबलावर होतो. आणि कोटेशनवर मुदत घाला, रॅम-एसएसडीसाठी फार तर तीन दिवस. २०२५ च्या शेवटी मेमरीचे भाव भडकले, तेव्हा पंधरा दिवसांची कोटेशनं देऊन बसलेल्यांना घरचे पैसे घालून माल द्यावा लागला.